रोजच्या गाडीचे स्ट्रट आणि स्प्रिंग: बाजारातले पर्याय तपासून

बाजारातल्या कुठल्याही स्ट्रटबद्दल, म्हणजे स्प्रिंग अंगावर घेऊन चाकाला धरणाऱ्या शॉकअपबद्दल, बसवून घेतलेल्याला विचारा, उत्तर ठरलेले: "गाडी नव्यासारखी झाली." खोटे नसते ते, पण त्यावरून काही ठरवताही येत नाही. तुलना झालेली असते लाखभर किलोमीटर चालून मेलेल्या शॉकअपशी. आतले तेल पातळ झालेले, झडपा झिजलेल्या, रबर फुटलेले. त्या जागी काहीही नवे घातले तरी पहिल्या दिवशी बरेच वाटणार. म्हणून पुढचे सगळे मूल्यमापन गाडीसोबत कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या स्ट्रटला मोजपट्टी धरून केले आहे. गाडीही रोजची धरली आहे: कामावर जाणारी, कधी चार माणसे आणि सामान घेऊन लांब पल्ल्याला निघणारी, खड्डे आणि स्पीडब्रेकर चुकवता न येणारी.

खरेदीआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहावे. स्ट्रटच्या अंगावर तेलाचा पातळ, धूळ बसलेला थर असेल तर घाबरू नका. दांड्यासोबत थोडे तेल सीलबाहेर येतेच. अंग ओले दिसत असेल, थेंब ओघळत असतील तर मात्र स्ट्रट संपला. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतरावर वाट्या पडल्यासारखे उंचसखल लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि संशय शॉकअपवरच जातो. वेगात पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी एकदा बसून स्थिर झाली पाहिजे; दुसरा झोका आला तर दमन, म्हणजे हेलकावे शमवण्याची ताकद, कमी झालेले आहे. साधारण ८०,००० किलोमीटरनंतर ही तपासणी करावीच, कारण बिघाड इतक्या हळू होतो की रोज चालवणाऱ्याला तो कळत नाही.

स्प्रिंगचे निदान वेगळे. ती झिजत नाही, बसते किंवा तुटते. चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांवर माप घ्या. जमिनीपासून मोजले तर टायरची हवा आणि झीज मापात घुसते. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगकडे संशयाने पाहावे. खालचे शेवटचे वेटोळे पुसून बघा. रंग उडून गंज धरतो तो तिथेच, आणि तुकडा मोडतो तोही तिथेच. मोडलेला तुकडा खालच्या बशीत अडकून राहिला तर गाडी जेमतेम सेंटिमीटरभर खाली आलेली दिसते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

स्प्रिंग आधी, शॉकअप नंतर

बहुतेक लोक उलटे करतात. आधी नावाजलेला शॉकअप निवडतात, मग त्यावर कुठली स्प्रिंग बसेल ते विचारतात. गाडीची उंची आणि वजन स्प्रिंग सांभाळते, शॉकअप त्या स्प्रिंगचे हेलकावे थांबवतो. तेव्हा उंची ठरली की स्प्रिंग ठरते, आणि स्प्रिंग ठरली की शॉकअपचे पर्याय आपोआप दोन-तीनांवर येतात.

थोडे गणित केले की कडकपणाचा अंदाज येतो. एका पुढच्या चाकावर ३२० किलो भार आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे असे धरा. तो कोपरा सेकंदाला साधारण १.२६ वेळा हेलकावतो. आरामशीर गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, म्हणजे हे ठीक. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर आकडा १.४३ वर जातो: गाडी घट्ट वाटते, तरी सहन होते. दुप्पट केली तर १.७८. तिथे मागच्या सीटवरचा माणूस तक्रार करतो. कडकपणा वाढतो तशी कंपनसंख्या वर्गमुळाने वाढते, त्यामुळे जाहिरातीतले "३० टक्के कडक" ऐकायला वाटते तेवढे भयंकर नसते.

याच गणितातून आणखी एक समज तपासता येतो. "लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणारी आखूड, कडक स्प्रिंग) घातली की कंपनीचा शॉकअप मरतो" असे सरसकट बोलले जाते. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर त्याच शॉकअपचे दमनाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटते. नवा शॉकअप एवढे पेलतो. ६०,००० किलोमीटर चाललेला पेलत नाही, कारण त्याने आधीच बरेच गमावलेले असते. मारक ठरते ती उरलेली चाल, म्हणजे चाकाला वर-खाली जायला राहिलेली जागा. गाडी बसताना ८० मिमी चाल आहे आणि पहिल्या ४० मिमीनंतर बंपस्टॉप लागतो असे समजा. गाडी ३० मिमी खाली आणली की बंपस्टॉपपर्यंत उरतात १० मिमी. मग प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगऐवजी रबराचा गट्टू भार घेतो, आणि लोक म्हणतात स्प्रिंग फार कडक निघाली.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे चाकाला वरून स्ट्रटच धरतो, वेगळा वरचा आर्म नसतो) याहून एक खोल अडचण आहे. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा हात) बाहेरच्या टोकाला वर झुकतो आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जाते. म्हणजे वळणावर गाडी कलंडवणारा तरफेचा हात लांबतो. किंचित कडक स्प्रिंगने मिळवलेले यातच जाते. रोजच्या गाडीत २५–३० मिमीच्या पुढे उतरू नये, हे आमचे मत यामुळेच.

लोअरिंग हवीच असेल तर आयबाखची प्रो-किट समजूतदार निवड आहे. उतार बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिमीच्या आसपास, वेटोळी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे थोड्या दाबाला मऊ आणि पुढे कडक होत जाणारी. तिचा तोटाही त्याच गुणातून येतो. रिकाम्या गाडीला बेतलेली वाटते, चार माणसे बसली की वागणे बदलते. आयबाखचीच स्पोर्टलाइन जास्त खाली नेते. रोजच्या रस्त्यावर तिची शिफारस करवत नाही. स्प्रिंगची वेटोळी कापून उंची कमी करणे किंवा गॅसने तापवून बसवणे याला तर पर्याय म्हणूच नये. कापलेल्या टोकाला बशीत नीट बसायला जागा राहत नाही आणि तापवलेल्या पोलादाचा ताण निघून जातो.

उंची मूळचीच ठेवायची असेल, जी बहुतेकांनी ठेवावी, तर लेसियोफोर्स, सॅक्स, मूग यांच्या बदली स्प्रिंग पाहाव्यात. इथे भाग क्रमांक अचूक हवा. त्याच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिक, एसी असलेल्या-नसलेल्या गाड्यांना वेगवेगळ्या स्प्रिंग असतात. मूळ स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके किंवा पट्टे म्हणजे हाच भेद. काही गाड्यांत डावी-उजवी सुद्धा वेगळी असते. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी पाहते. मॅकफर्सन स्ट्रटवर बाजूने जोर येतो. तो कमी करायला अनेक मूळ स्प्रिंग मुद्दाम किंचित वाकड्या, केळ्यासारख्या बनवलेल्या असतात किंवा तिरप्या बसवलेल्या असतात. त्या जागी सरळ स्प्रिंग आली तर दांडा बुशला घासतो, लहान खड्ड्यांना स्ट्रट अडखळत हलतो आणि सील लवकर जाते. जुनी आणि नवी शेजारी उभ्या करून आकार पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता शॉकअप

केवायबीची एक्सेल-जी ही बदली स्ट्रटमधली सर्वात ठाऊक मालिका. ट्विनट्यूब (नळीत नळी), कमी दाबाचा नायट्रोजन, मूळ उंचीसाठी. वागणूक मूळच्या जवळ, काही गाड्यांत त्याहून किंचित घट्ट. आरामाची फार अपेक्षा नसेल आणि दुसऱ्या लाख किलोमीटरची सोय हवी असेल तर इथे थांबायला हरकत नाही. बिलस्टाइनची बी४ आणि सॅक्सची साधी मालिका याच वर्गातल्या. तुमच्या गाडीला कारखान्यात यांपैकी ज्याचे स्ट्रट लागले होते, त्याचाच बदली भाग घ्यावा. कोणाचे होते ते जुन्या नळीवर कोरलेले असते. मन्रोची ओईस्पेक्ट्रम मऊपणाकडे झुकलेली आहे आणि मागे म्हातारी माणसे बसत असतील तर ती बाजू विचारात घ्यावी.

कोनीची स्पेशल ॲक्टिव्ह, आधी एफएसडी म्हणून ओळखली जायची, रोजच्या गाडीसाठी आमची पहिली पसंती. अर्थात तुमच्या गाडीसाठी बनत असेल तर. हिची गंमत झडपेत आहे. खडबडीत रस्त्यावर चाक भराभर वर-खाली होते तेव्हा तेलाला समांतर वाट मोकळी राहते आणि स्ट्रट मऊ वागतो. गाडीचे अंग हळू डोलते तेव्हा, वळणात किंवा ब्रेक लावताना, दाब साचून ती वाट बंद होते आणि दमन वाढते. वायर नाही, बटण नाही, सगळे तेलाच्या दाबावर. मूळ स्प्रिंगवर चालते, हलक्या लोअरिंगवरही चालते. एक अडचण: काही गाड्यांना कोनी पूर्ण स्ट्रट देत नाही, आत घालायचे इन्सर्ट देते. मग जुन्या स्ट्रटची नळी वरून कापून, तेल काढून, इन्सर्ट आत सोडून तळाशी बोल्टने आवळावा लागतो. हे काम करणारा मेकॅनिक हाताशी नसेल तर मागवू नये.

बिलस्टाइन बी६ आणि बी८ मोनोट्यूब आहेत: एकच नळी, तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला जास्त दाबाचा वायू. तेलाला फेस येत नाही, उष्णता थेट नळीच्या भिंतीतून बाहेर जाते, लांब खराब रस्त्यावर दमन ढळत नाही. मॅकफर्सन गाड्यांना यांची रचना उलटी असते. जाड नळी सरकते, बारीक दांडा नाही, त्यामुळे बाजूचा जोर चांगला सोसते. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी८ आखूड अंगाची, लोअरिंगसाठी. या दोन्हींत गल्लत केलेल्या गाड्या नेहमी दिसतात. मूळ स्प्रिंगवर बी८ घातली तर चाक लटकताना चाल कमी पडते. लोअरिंगवर बी६ घातली तर दाबाची चाल कमी पडते. दोष स्ट्रटचा नसतो, यादी न वाचणाऱ्याचा असतो. सावकाश गावातल्या फेऱ्यांत बी६ बारीक खड्डे जाणवून देते. ज्याचा रोजचा रस्ता वेगवान आहे त्याला आवडेल, ज्याचा रोज अर्धा तास खडीवर जातो त्याला नाही. केवायबीची गॅस-ए-जस्ट मागच्या शॉकअपसाठी याच मोनोट्यूब कुळातली. लक्षात ठेवायचे म्हणजे मोनोट्यूबच्या नळीला दगडाचा खोल पोचा पडला तर आतला पिस्टन तिथे अडतो. ट्विनट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी ती बहुधा चालत राहते.

कोनी स्पोर्ट, पिवळी, रिबाउंडला (शॉकअप ताणला जाताना) फिरवून कडक करता येते. चांगली आहे, पण रोजच्या गाडीत लोक पहिल्या आठवड्यात फिरवतात आणि पुन्हा कधीच हात लावत नाहीत.

कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, थोडक्यात: उंचीचे आटे चिखल-मिठाने जाम होतात, रबराऐवजी धातूचे बॉल असलेले वरचे माउंट खडखडतात, आणि स्वस्त संचात कडकपणाचे ३२ टप्पे असले तरी त्यातले निम्मे सारखेच वागतात. हौस वेगळी, रोजची गाडी वेगळी.

स्प्रिंग, माउंट (स्ट्रटचा वरचा टेका), बूट (दांड्यावरचे रबरी आवरण) सगळे आधीच जोडून आलेले संच, मन्रोचे क्विक-स्ट्रट हे त्यातले परिचित नाव, वेळ वाचवतात आणि स्प्रिंग दाबण्याचा धोका टाळतात. गंजलेल्या, तुटक्या स्प्रिंगच्या गाडीला त्यांचा खरा उपयोग. पण जोडून आलेल्या स्वस्त संचांची ठरलेली खोड असते: एकाच क्रमांकात अनेक इंजिने आणि ट्रिम उरकलेल्या असतात, त्यामुळे स्प्रिंग तुमच्या गाडीला बेतलेली नसते. पुढचे नाक १५–२० मिमी उचललेले दिसते ते यामुळे. तुमची जुनी स्प्रिंग धडधाकट असेल तर ती ठेवून फक्त स्ट्रट आणि माउंट बदलणे बहुतेक वेळा जास्त चांगले. आजीवन हमी असेल तर तीही वाचावी. भाग मिळतो, मजुरी आणि अलाइनमेंट मिळत नाही. दोन वर्षांत मरणारा स्ट्रट फुकट मिळाला तरी गाडी दोनदा खोलावी लागते.

इलेक्ट्रॉनिक दमन असलेल्या गाडीत साधा स्ट्रट घातला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो विझवायला वेगळा संच लागतो. वायर असलेल्या गाडीला वायरवालाच घ्यावा.

लहान भाग, मोठे आवाज

स्ट्रट बदलूनही "टक-टक" राहिल्याच्या तक्रारीत स्ट्रट क्वचित दोषी निघतो. दोषी निघतात ते जुने ठेवलेले भाग. वरच्या माउंटमधले बेअरिंग जाम असेल तर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडते आणि सुटताना "टणक" असा झटका देते. स्टिअरिंग सरळ परतही येत नाही. फुटलेल्या बुटातून धूळ दांड्यावर बसते, क्रोमवर ओरखडे पडतात, सील फाटते. बंपस्टॉप हाताने दाबल्यावर भुगा होत असेल तर नवा शॉकअप महिन्यांतच तळाला आदळून आतून मोडेल. म्हणून यादी अशी: दोन स्ट्रट, दोन माउंट बेअरिंगसकट, दोन बूट, दोन बंपस्टॉप, स्प्रिंगखालचे रबर, आणि खालच्या जोडाचे नवे बोल्ट-नट, कारण ते बहुधा एकदाच आवळण्याचे असतात. स्टॅबिलायझरची लिंक खोलावी लागतेच, ढिली असेल तर तीही बदला. बदल नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना.

बसवताना काय चुकते

नव्या ट्विनट्यूब स्ट्रटला आधी उभे धरून दांडा सावकाश पूर्ण दाबावा, मग पूर्ण ओढावा, असे चार-पाच वेळा. आडवे साठवल्यावर आतल्या नळीत वायू शिरलेला असतो. तो काढला नाही तर पहिले काही दिवस स्ट्रट पोकळ ठोकतो आणि दुकानदाराला शिव्या बसतात.

गाडी स्टँडवर ठेवून चाक काढले की ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) खालून आधार द्या, नाहीतर तो बाहेर झुकतो, ब्रेकच्या नळीला ताण बसतो आणि ॲक्सलचा आतला जॉइंट सुटू शकतो. खालच्या दोन बोल्टच्या भोकांत खेळ असतो, त्यामुळे खोलण्याआधी स्ट्रट आणि नकलवर रंगाने खूण करून ठेवा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) अगदी जुळणार नाही, पण अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल.

वरचे माउंट सोडवताना मधल्या नटाला हात लावू नका. बॉनेटखाली दिसणारे बाजूचे तीन-चार नटच सोडायचे. मधला नट दाबलेली स्प्रिंग धरून आहे. तो सुटला तर स्प्रिंग आणि माउंट गोळीसारखे उडतात. स्ट्रट बाहेर आल्यावर स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावा, हातपान्याने आळीपाळीने काही फेरे आवळा, आणि स्प्रिंग बशीत हाताने हलायला लागली की मगच मधला नट काढा. कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन चालवू नये, त्याचे आटे जातात. मधल्या नटावरही नाही, कारण दांडा आतल्या पिस्टनसकट गरगर फिरतो. दांडा धरायचा तर वरच्या षट्कोनी भोकात पाना घालून. पक्कडने क्रोमवर धरलेला एक ओरखडा सील संपवायला पुरतो. जोडताना स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतल्या पायरीला टेकले आहे याची खात्री करा. अर्धा इंच फिरले असले तरी चालताना ती सरकून बसते आणि आवाज येतो.

लोअर आर्मचे किंवा मागच्या बीमचे बुश ढिले केले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. हवेत आवळले की रबर कायम पिळलेले राहते. गाडी किंचित उंच राहते आणि बुश लवकर फाटते. टॉर्कचे आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजाने नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी. कॅम्बर थोडा इकडे-तिकडे झाला तर टायर वर्षभर सांभाळून घेतो, टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला तर काही हजार किलोमीटरमध्ये कड खाऊन टाकतो. कॅम्बर मर्यादेत येत नसेल तर एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून कोन बदलणारा) लावून येतो. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही खाली-वर पाहावा, आणि ज्या गाडीत काचेमागे कॅमेरा आहे तिथे त्याचे व स्टिअरिंग कोनाचे कॅलिब्रेशन लागेल.

नव्या स्प्रिंग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही मिलिमीटर बसतात. तोवर जुन्या भंगारात देऊ नयेत. उंची पुन्हा चार कोपऱ्यांवर मोजा, आधीच्या मापाशी लावून बघा. फरक पडला तर जुन्या स्प्रिंगवरचा रंगाचा पट्टा हाच दुकानदाराला दाखवायचा पुरावा असतो.